डॉ. आनंदीबाई जोशी : महाविद्यालयाची निवड आणि तिची किंमत

मुरबाडची एस.टी. आणि कसारा मार्गावरची लोकल या दोन्ही कल्याणला येऊन मिळतात. शहापूर-मुरबाडच्या मुलांना पुढील शिक्षणासाठी कोठेही जायचे असले, तरी बहुधा कल्याण ओलांडावेच लागते. त्याच कल्याणमध्ये सुमारे दीडशे वर्षांपूर्वी गणपतराव जोशी यांच्या घरात यमुना नावाची मुलगी वाढत होती. वैद्यकीय शिक्षण कोठे घ्यावे, हा प्रश्न आज आपल्या मुलामुलींपुढे उभा राहतो, तसाच तो तिच्यापुढेही उभा राहिला. म्हणून या स्मरणिकेत आम्ही डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र या एका प्रश्नाच्या अंगाने सांगत आहोत.

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात, आजोळी झाला. वयाच्या नवव्या वर्षी पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदी झाली. गोपाळरावांना पत्नीच्या शिक्षणाचा विलक्षण ध्यास होता. स्वभाव मात्र कठोर होता, आणि त्या ध्यासाचा जाचही आनंदीबाईंनी सोसला. वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला. योग्य वैद्यकीय उपचारांअभावी तो दहा दिवसांत दगावला. पुरुष वैद्याला प्रकृती दाखवणे कुलीन स्त्रियांना अशक्यप्राय असलेल्या त्या काळी आपणच डॉक्टर व्हावे, हा संकल्प या दुःखातून त्यांच्या मनात दृढ झाला.

संकल्प झाला, पण शिकायचे कोठे? पुढे बंगालमध्ये वास्तव्यास असताना, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर येथे केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी आपली निवड लोकांपुढे कारणांसह मांडली. हिंदुस्थानात त्या वेळी स्त्रियांना पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेण्याजोगी वाट जवळजवळ नव्हतीच. मद्रासच्या मेडिकल कॉलेजने १८७५ साली स्त्रियांना प्रवेश दिला होता. अन्यत्र सुईणींच्या शिक्षणाचे वर्ग होते, पण तेवढ्याने डॉक्टर होता येत नव्हते. शिकवणारे सारे पुरुष आणि शिकवण्याची पद्धत सदोष, असे त्यांचे मत होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा मार्गही त्यांचा निर्णय होईपर्यंत स्त्रियांना खुला झालेला नव्हता. देशातच शिकावे असा सल्ला देणारे पुष्कळ होते; आनंदीबाईंनी तो तपासून पाहिला आणि मगच नाकारला.

अमेरिकेची वाट याआधीच, १८७८ साली कोल्हापुरात शोधली गेली होती. गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यांना पत्र लिहून मदत मागितली. पती-पत्नीने ख्रिस्ती व्हावे, अशी अपेक्षा वाइल्डर यांनी व्यक्त केली. आनंदीबाईंनी ती मान्य केली नाही. श्रद्धेने व विचाराने धर्म स्वीकारणे वेगळे, आणि शिक्षणाचे मोल म्हणून स्वीकारणे वेगळे, हा भेद या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी १८८० साली तो दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता वाचला आणि कोणतीही अट न घालता पत्र पाठवले. एका मदतीला अट होती, दुसरीला नव्हती. आनंदीबाईंनी दुसरी स्वीकारली.

एप्रिल १८८३ मध्ये गोपाळरावांना मागे ठेवून, मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान केले. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि काही महिने कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. अखेरीस त्यांनी फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया हे महाविद्यालय निवडले. या निवडीमागचे बळ आम्हांस आजही विचार करण्याजोगे वाटते. १८५० साली स्थापन झालेले ते महाविद्यालय खास स्त्रियांसाठी होते आणि पूर्ण एम.डी. पदवी देत होते. १८६१ पासून त्याला लागूनच स्त्रियांचे रुग्णालय होते. त्यामुळे पुस्तकी विद्येबरोबर रुग्णसेवेचा अनुभवही मिळे. डीन रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्यांनी या परदेशी मुलीला प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीचीही सोय झाली. आनंदीबाईंच्या काळात तेथे जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली याही शिकत होत्या. १८८५ साली आपापल्या देशाच्या वेशात एकत्र काढलेले तिघींचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

परंतु महाविद्यालय योग्य असूनही राहणीची व्यवस्था शरीराला मानवणारी नव्हती. फिलाडेल्फियाचा कडक हिवाळा, साडीचा आग्रह, शाकाहारी अन्नाची चणचण आणि अभ्यासाचा ताण यांनी त्यांची आधीच नाजूक असलेली प्रकृती ढासळत गेली. तरीही त्यांनी अभ्यास सोडला नाही. हिंदू स्त्रियांतील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी, वयाला एकवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे प्रमुखपद देऊ केले. त्यांनी ते स्वीकारले आणि १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. मात्र परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या शरीराने. कामावर रुजू होण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम महिना उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील स्मशानभूमीत विसावल्या.

एकाही रुग्णाची स्वतंत्रपणे सेवा करता न आलेल्या या डॉक्टरचे जीवन निष्फळ ठरले, असे आम्ही मानत नाही. त्या गेल्यानंतर वैद्यकाकडे वळणाऱ्या मुलींना ही गोष्ट अशक्य आहे, असे कोणी सांगू शकले नाही. रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

आज आपल्या मुलांना सातासमुद्रांपलीकडे जावे लागत नाही. राज्यातील शासकीय व बहुतेक खासगी वैद्यकीय महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर अभिमत विद्यापीठे स्वतःची पदवी देतात. प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना घराघरांत चर्चा होते ती मुख्यतः गुणांची आणि शुल्काची. ती व्हायलाच हवी. पण आनंदीबाईंच्या चरित्रावरून आणखी काही प्रश्न विचारावेत, अशी आमची पालकांना विनंती आहे. तेथे रुग्णालय चांगले चालते का? शिष्यवृत्ती कोणाकडून मिळते, आणि तिच्यामागे काही अट आहे का? आपल्या लेकराला तेथे खोली कशी मिळेल, दोन वेळचे अन्न कसे मिळेल, आणि आजारी पडल्यास जवळ कोण असेल? वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना या शेवटच्या प्रश्नाचे मोल ठाऊक आहे. तो प्रश्न तितक्याच गांभीर्याने विचारणारे कोणी आनंदीबाईंजवळ असते, तर कदाचित कोल्हापूरच्या स्त्रियांना त्यांची डॉक्टर मिळाली असती.