भिंतींवर बाग फुलवणारा माणूस

वाडा पडतो, त्याच जागी इमारत उभी राहते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांची किल्ली हातात येते. मग घरोघरी एकच वाद सुरू होतो. आजोबांच्या शिसवी कपाटाचे काय करायचे? मुलगा-सून म्हणतात, देऊन टाका, नव्या घरात सगळे नवेच शोभेल. आजी म्हणते, कपाट जाणार असेल तर मीही येत नाही. अलीकडे तिसरा एक पक्षही निघाला आहे. त्याला सगळे जुने हवे असते, पण दुकानातून कोरे करकरीत आणलेले! यंत्रावर कोरलेली नक्षी, वर काळपट पॉलिश आणि कंदिलाच्या आकाराचे विजेचे दिवे.

या वादात कुणाची बाजू घ्यावी असे मला विचारले, की मी विल्यम मॉरिस या इंग्रज माणसाचे नाव घेतो. त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात गेले. व्हिक्टोरियन दिवाणखान्याशी त्याने जन्मभर वैर केले. आणि गंमत अशी, की आज व्हिक्टोरियन सजावट म्हटले की दुकानदार पहिल्यांदा त्याच्याच नक्षीचे नमुने समोर टाकतो.

मॉरिसचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी लंडनजवळच्या वॉल्थमस्टो गावी झाला. वडील हुंड्यांच्या व्यवहारातले बडे दलाल. डेव्हन परगण्यातल्या एका तांब्याच्या खाणीत त्यांचे शेअर होते आणि खाणीने घरात पैसा ओतला होता. पोर धर्मगुरू होणार, अशी आईची अपेक्षा. १८५३ साली तो ऑक्सफर्डला गेला तो याच वाटेने. तेथे एडवर्ड बर्न-जोन्स हा मित्र भेटला आणि दोघांनीही धर्मपीठाचा नाद सोडून कलेची वाट धरली. १८५६ साली मॉरिस स्ट्रीट नावाच्या वास्तुविशारदाकडे उमेदवारीला राहिला. काम काही महिन्यांतच सुटले, पण तेथे जोडलेला फिलिप वेब हा मित्र जन्मभर टिकला.

त्याच साली मॉरिस आणि बर्न-जोन्स लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमध्ये खोल्या घेऊन राहू लागले. फर्निचर घ्यायला बाजारात गेले, तर मनासारखी एक खुर्ची मिळेना. तो काळच तसा होता. कारखान्यांनी वस्तू स्वस्त केल्या होत्या आणि मध्यमवर्गाच्या हाती प्रथमच पैसा खुळखुळत होता. त्यामुळे दिवाणखाने भरून वाहत होते. जड मखमली पडदे, त्यांना झालरी, काचेच्या घुमटाखाली पेंढा भरलेले पक्षी, पाय ठेवताना खरीच फुले तुडवतो आहोत असे वाटावे असे गालिचे. लोखंड लाकडाचे सोंग आणी आणि लाकूड संगमरवराचे. मॉरिसने सरळ चित्र काढले आणि शेजारच्या सुताराकडून दणकट टेबले नि बाके करवून घेतली. पुढे त्याने जे जे केले त्याचे मूळ या रिकाम्या खोल्यांत आहे.

१८५९ साली त्याने जेन बर्डनशी लग्न केले. ती ऑक्सफर्डच्या एका तबेल्यातल्या नोकराची मुलगी. श्रीमंताघरच्या मुलाने असे लग्न करणे तेव्हा सोपे नव्हते. या संसारासाठी वेबने केंटमध्ये बेक्सलीहीथ येथे लाल विटांचे घर बांधले, तेच प्रसिद्ध रेड हाउस. विटांवर गिलावा चढवून दगडाचा आव आणण्याची तेव्हाची रीत वेबने बाजूला ठेवली. वीट वीट म्हणूनच दिसू दिली. सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळी येत, भिंती रंगवत, जेन आणि मैत्रिणी पडद्यांवर भरतकाम करत. घर सजवणे हा सगळ्यांनी मिळून करायचा उद्योग आहे, हे मॉरिस तेथे शिकला. पण हे सुख पाच वर्षेच टिकले. १८६५ साली घर सोडावे लागले आणि पुन्हा त्याने त्या घराचा उंबरठा ओलांडला नाही.

या मित्रांतूनच १८६१ साली एक कंपनी निघाली. पुढे १८७५ साली ती एकट्या मॉरिसच्या हाती आली आणि ‘मॉरिस अँड कंपनी’ झाली. रंगीत काचा, फरशा, लव्हाळ्याच्या विणीची बैठक असलेल्या साध्या ससेक्स खुर्च्या आणि भिंतीला लावायचे कागद. त्याची पहिली नक्षी १८६२ सालची, लाकडी जाळीवर चढलेल्या गुलाबाची. तिच्यातले पक्षी मॉरिसला साधेनात म्हणून ते वेबने काढून दिले. फूल, पान, वेल सगळे ओळखू येते, पण खऱ्या फुलाची नक्कल कोठेही नाही. भिंत भिंतच राहते, तिला खिडकी असल्याचे सोंग करावे लागत नाही. हे कागद लाकडी ठशांनी हाताने छापले जात. १८७५ च्या ‘अकँथस’ या एका नक्षीला तीस ठसे लागत.

कापडाच्या रंगांसाठी तो स्टॅफर्डशायरमधल्या लीक गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे गेला आणि कोपरापर्यंत हात निळे करून घेऊन परतला. बाजारातले नवे रासायनिक रंग भडक आणि उडणारे. त्याला हवी होती नीळ आणि मुळांपासून निघणारा लाल. १८८१ साली त्याने वँडल नदीकाठी मर्टन ॲबी येथे स्वतःचा कारखाना थाटला. १८८३ चे ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड तेथलेच. बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पळवणारे थ्रश पक्षी, आपल्या कस्तुराचे भाऊबंद, त्यावर आहेत. आधी सगळे कापड निळीत बुडवायचे, मग नको तेथली नीळ उडवायची आणि त्या जागी लाल, पिवळा भरायचा. फार वेळखाऊ काम, म्हणून कापडही महाग.

नीळ म्हटली की आपला संबंध येतोच. पण मॉरिसचा आपल्याशी याहून जवळचा एक धागा आहे. जॉर्ज बर्डवुड हा बेळगावात जन्मलेला डॉक्टर मुंबईत प्राध्यापक होता. भायखळ्याला आज भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून जे आपण पाहतो, त्याच्या उभारणीतही त्याचा वाटा होता. इंग्लंडला परतल्यावर तो हिंदी कारागिरांची बाजू मांडू लागला. १८७९ साली बर्मिंगहॅमच्या भाषणात मॉरिसने त्याला जोरदार दुजोरा दिला. इंग्रजी यंत्रमालाने आणि तुरुंगांतून स्वस्त गालिचे विणून घेणाऱ्या सरकारने हिंदुस्थानचे पिढीजात हस्तकौशल्य मारले, हे त्याने इंग्रजांना इंग्रजांच्याच व्यासपीठावरून ऐकवले. त्या काळी हे बोलायला छाती लागत होती.

एवढे वाचून कुणाला वाटेल, की हा माणूस संतच असावा. तसे नव्हते. सुंदर वस्तू सर्वांच्या घरी असाव्यात असे तो सांगे, आणि त्याच्या वस्तू मात्र गिरणीमालक, खाणमालक आणि सरदार यांच्या घरी जात. ही टोचणी त्याला स्वस्थ बसू देईना. १८८३ नंतर तो समाजवादी चळवळीत उतरला आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून कामगारांपुढे बोलू लागला. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. ज्या खाणीच्या पैशावर तो वाढला, ती पुढे सोमलाचे प्रचंड उत्पादन करू लागली आणि तो स्वतः १८७१ ते १८७५ तिचा संचालक होता. त्या काळच्या हिरव्या रंगांत सोमल असे. मॉरिसच्या सुरुवातीच्या कागदातही तो असल्याचे २००३ साली रासायनिक तपासणीत दिसून आले. डॉक्टर धोक्याचा इशारा देत होते, मॉरिस ते मनावर घेत नव्हता. घरही सुखाचे नव्हते. जेनचे मन त्याच्याच मित्राकडे, चित्रकार रोझेटीकडे ओढले गेले होते. थोरली मुलगी जेनी फेफऱ्याने आजारी. जगाची घरे सजवणाऱ्याच्या घरात एवढे दुःख होते, हे विसरून त्याच्या नक्षीकडे पाहता येत नाही.

पण आपल्या कपाटाच्या वादाचे उत्तर कोठे आहे? ते मला त्याने १८७७ साली स्थापन केलेल्या प्राचीन इमारतींच्या संरक्षण मंडळात सापडते. जुन्या चर्चचा जीर्णोद्धार म्हणजे नवे काम करून ते जुने असल्याचे भासवणे, ही तेव्हाची पद्धत होती. मॉरिसने तिला कडाडून विरोध केला. जुने आहे तसे सांभाळा, गळती थांबवा, आधार द्या. आणि नवे घालावेच लागले तर ते नवे आहे हे लपवू नका. ते मंडळ आजही काम करते आहे. मला वाटते, घराच्या सजावटीला याहून सोपा नियम नाही.

या नियमाचे मूर्त रूप पाहायचे तर ससेक्समधले स्टँडन हे घर पाहावे. एका वकिलाच्या कुटुंबासाठी वेबने ते १८९२ ते १८९४ च्या सुमारास बांधले. भिंतींवर मॉरिसचे कागद आणि घरात पहिल्या दिवसापासून विजेचे दिवे! मेणबत्तीचे सोंग न आणता विजेचा दिवा म्हणूनच घडवलेले.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही १८६० च्या दशकात मॉरिसच्या कंपनीने सजवलेली एक हिरवी खोली आहे. मी तेथे बसून चहा घेतला आहे. दीडशे वर्षांच्या भिंती आणि भोवती आजच्या टेबल-खुर्च्यांवर बसलेली लेकुरवाळी कुटुंबे. कुणीही कुणाला परके वाटत नव्हते. परतल्यावर आमच्या बैठकीच्या खोलीत एकाच भिंतीला वेलबुट्टी ठेवली, बाकी तीन पांढऱ्या केल्या आणि त्या वेलीपुढे सासऱ्यांची आरामखुर्ची मांडली. बाकी फर्निचर साधे, आजचे. खोली मोठी झाल्यासारखी वाटली.

मॉरिसची स्वतःची खोली याहून साधी होती. हॅमरस्मिथच्या घरातल्या त्याच्या अभ्यासिकेत ना गालिचा ना पडदे. एक साधे टेबल आणि पुस्तके. ज्याचा उपयोग नाही आणि जे मनाला सुंदर वाटत नाही, ते घरात ठेवायचे नाही, ही त्याची शिकवण होती आणि ती त्याने पाळली.

केल्मस्कॉट या खेड्यातल्या घरात त्याचा सतराव्या शतकातला कोरीव ओकचा पलंग होता. शेवटच्या वर्षांत त्याची धाकटी मुलगी मे हिने त्या पलंगासाठी पडदे भरतकामाने सजवले. झालरीवरच्या ओळी बापाने लिहिल्या, टाके लेकीचे आणि तिच्या सहकारी स्त्रियांचे. ३ ऑक्टोबर १८९६ रोजी तो हॅमरस्मिथला वारला, तेव्हा वय होते अवघे बासष्ट. दहा माणसांचे काम एकट्याने केल्याने तो गेला, असे डॉक्टरांचे निदान होते. केल्मस्कॉटला त्याची शवपेटी शेतावरच्या साध्या गाडीतून नेली. गाडीला वाळुंजाच्या फांद्या बांधल्या होत्या. तो पलंग अजून त्या घरात आहे. लाकूड तीनशे-चारशे वर्षांचे, पडदे त्याहून कितीतरी नवे, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्यासारखे दिसायचा प्रयत्न करत नाही.