कुळथाची पिठी ते बाळाचे दूध : डॉ. कमला सोहोनी यांनी काय शोधले?

रत्नागिरी : कोकणात कुळीथ भाजून, भरडून मगच पिठी दळतात. भाजण्याने खमंगपणा येतो, शिवाय पचनालाही मदत होते. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारी प्रथिने असतात. उष्णतेने त्यांचा जोर ओसरतो. सोयाबीनपासून बाळांसाठी दूध पावडर बनवतानाही म्हणूनच उष्णता द्यावी लागते. भारतीय कडधान्यांतील या अडसराचा अभ्यास १९५०च्या दशकात मुंबईत केला डॉ. कमला सोहोनी यांनी.

प्रवेश नाकारला, पण...

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरचा. मुंबई विद्यापीठात १९३३ला पहिल्या येऊनही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना महिला म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला आणि दूध, डाळींतील प्रथिनांवर काम सुरू झाले. केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम-सी शोधून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

प्रयोगशाळेतून ताटाकडे

१९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्यार्थ्यांसह त्यांनी गरिबांच्या रोजच्या आहारावर संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर महिलांसाठी नीरा उपयुक्त असल्याचे दाखवणाऱ्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

पाकिटावर प्रथिनांचा आकडा मोठा असला, तरी त्यातले बाळाच्या अंगी किती लागते, हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.