बाबासाहेबांचे दिवस आणि आपला एप्रिल महिना

एप्रिल महिना आपल्या समाजाचा महिना मानला जातो. ११ तारखेला महात्मा जोतिराव फुले यांची जयंती, १४ तारखेला बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची. देवपूरच्या वस्त्यांमध्ये त्या पंधरवड्यात निळे झेंडे, कमानी, व्याख्याने, मिरवणुका असतात. सरकारी कार्यालयांतही प्रतिमेला हार घातला जातो. २०१५ पासून तर देशाबाहेरच्या आपल्या बांधवांनी एप्रिल हा दलित इतिहास महिना म्हणून पाळायला सुरुवात केली आहे.

मग दरवर्षी एक प्रश्नही निघतो. असा वेगळा महिना असल्याने समतेचे काम पुढे जाते की मागे पडते? काही जण म्हणतात, समता हवी तर वेगळे दिवस कशाला? दुसरे म्हणतात, हे दिवस नसतील तर आपले नावही कोणी घेणार नाही. तिसरा सूर आपल्याच घरातला आहे. एवढी वर्गणी, एवढा डीजे, आणि १५ एप्रिलला हाती काय राहते?

आम्ही धुळ्यात वस्त्यांमध्ये सामाजिक काम करतो. या प्रश्नाचे उत्तर आम्हाला भाषणांपेक्षा बाबासाहेबांच्या चरित्रात जास्त स्पष्ट दिसते. बाबासाहेबांनी स्वतः किती दिवस निवडले, कोणत्या दिवशी काय केले आणि दुसऱ्या दिवशी काय केले, एवढे जरी आपण क्रमाने पाहिले तरी पुरे आहे.

एक सत्कार आणि एक पुस्तक

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. घरून नेलेले गोणपाट अंथरून वेगळे बसणे आणि दुसऱ्याने वरून ओतले तरच पाणी मिळणे, हे त्यांनी त्याच वयात सोसले. आज महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस आहे. तो दिवस केवळ प्रवेशाचा नाही, प्रवेश मिळूनही वर्गाबाहेर ठेवल्या गेलेल्या मुलाचाही आहे.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे त्या काळी इतके दुर्मीळ होते की मुंबईत त्यासाठी सत्काराची सभा भरली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा याच गुरुजींनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली. सत्कार एका संध्याकाळचा होता. पण त्यातले पुस्तक १९५६ पर्यंत पोहोचले आणि त्यातला माणूस त्या मुलाच्या मागे उभा राहिला. चांगला समारंभ कसा असतो, याचे आम्हाला माहीत असलेले हे सर्वांत उत्तम उदाहरण आहे.

हार्लेमच्या शेजारी

१९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. विद्यापीठाला लागूनच हार्लेम आहे, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. बाबासाहेब तिथे शिकत होते त्याच काळात, १९१५ मध्ये, कार्टर वुडसन या इतिहासकाराने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली. वुडसन हे गुलामगिरीतून सुटलेल्या आईवडिलांचे पुत्र होते आणि हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली होती. शाळेच्या पुस्तकात आपल्या लोकांचा इतिहासच नाही, म्हणून त्यांनी १९२६ मध्ये फेब्रुवारीत एक आठवडा सुरू केला. लिंकन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे वाढदिवस लोक त्याच आठवड्यात आधीपासून साजरे करत होते. वुडसन यांनी त्या उत्सवाला शाळा जोडली. शिक्षकांसाठी साहित्य तयार केले, अभ्यासमंडळे काढली.

त्या आठवड्याचा पुढे महिना झाला आणि १९७६ मध्ये त्याला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली. आज तिथेही हाच वाद आहे. शाळा फेब्रुवारीत चार चित्रे लावतात आणि मार्चमध्ये उतरवतात, अशी तक्रार होते. वुडसन यांची अपेक्षा मात्र उलटी होती. हा इतिहास वर्षभर शिकवला जावा आणि वेगळ्या आठवड्याची गरजच उरू नये, यासाठी ते झटत होते. तिकडचा लढा बाबासाहेबांच्या नजरेबाहेर नव्हता. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिल्या जात असलेल्या त्यांच्या निवेदनाची प्रत मागवली होती.

१९२७ सालचे तीन दिवस

बाबासाहेबांच्या सार्वजनिक आयुष्यातला दिवसांचा उपयोग १९२७ मध्ये स्पष्ट दिसतो. १ जानेवारीला ते कोरेगाव भीमा येथील विजयस्तंभाला मानवंदना द्यायला गेले. १८१८ च्या लढाईतल्या शूर महार सैनिकांची आठवण जागवून त्यांनी आपल्या लोकांना भूतकाळ परत मिळवून दिला. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २५ डिसेंबरला तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. पहिला दिवस स्मरणाचा, दुसरा हक्काचा, तिसरा नकाराचा.

पण आपण सहसा २० मार्चपाशीच थांबतो. त्या तळ्याचा दावा न्यायालयात किती काळ चालला, हे आपल्या मुलांना माहीत नसते. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. पाणी पिण्याला काही क्षण लागले आणि तो हक्क कागदावर पक्का व्हायला दहा वर्षे, त्यात फक्त तीन दिवस कमी. त्या दहा वर्षांत तारखा होत्या, साक्षी होत्या, खर्च होता. त्या वर्षांची मिरवणूक निघत नाही. पण ती नसती तर २० मार्च हा एका दिवसाचा प्रसंग होऊन राहिला असता.

१४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी बाबासाहेबांची पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. तेव्हा बाबासाहेब ३७ वर्षांचे होते. ज्या समाजाला रस्त्याने ताठ चालण्याचीही मुभा नव्हती, त्याने आपल्यातल्या एका माणसाचा जन्मदिवस उघड साजरा करणे हीच एक घोषणा होती. जयंतीला आजचे रूप येण्याआधी तिचा अर्थ हा होता. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले होते. वतनाची ती बेडी तुटली ती त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५८ च्या कायद्याने.

चाळीसगावचा टांगा

आपल्या खानदेशाने बाबासाहेबांच्या आयुष्यात एक कडवा धडा दिला आहे. अस्पृश्य आणि आदिवासींच्या परिस्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने स्टार्ट समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये ते समितीच्या कामाने खानदेशात आले. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायला ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर जमलेल्या लोकांनी त्यांना रात्री मुक्कामाचा आग्रह केला. बाबासाहेबांनी मान्य केले, गावी जाऊन चौकशी केली आणि पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले.

महारवाडा स्टेशनपासून दूर नव्हता. पण आपल्या बॅरिस्टर पाहुण्याला पायी नेणे लोकांना पटेना. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने द्यायचा, पण हाकायला टांगेवाला येणार नाही. वस्तीतलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकायचा सराव नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक दगडात अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. खरे कारण त्यांना नंतर कळले. एका टांगेवाल्याला बॅरिस्टरपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजण्यासाठी जात पुरेशी होती, हे त्यांनी पुढे आपल्या आठवणींमध्ये नोंदवून ठेवले.

हा प्रसंग आम्हाला जयंतीच्या वादात फार महत्त्वाचा वाटतो. लोकांनी टांग्याचा हट्ट धरला, कारण रोजच्या अपमानात त्यांना आपल्या माणसाचा मान हवा होता. आजच्या मिरवणुकीमागेही तीच भूक आहे. तिला केवळ उधळपट्टी म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी चाळीसगावच्या त्या संध्याकाळी टांगे का थांबले नाहीत, हे विचारावे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बाबासाहेब खानदेशात मान घ्यायला आले नव्हते, बहिष्काराची चौकशी करायला आले होते. आणि त्या टांगेवाल्याच्या मनातली जात आपण आपल्यापुरते सजवलेल्या टांग्याने हलत नाही. त्यासाठी ज्यांनी लगाम सोडला त्यांच्याशीही बोलावे लागते.

लळिंगचा लांडोर बंगला

पुढची वर्षे आपल्याला पाठ आहेत. १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९३५ मध्ये येवल्याची घोषणा, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्याला आले ते न्यायालयीन कामासाठी, वकील म्हणून. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. धुळ्याच्या आपल्या लोकांनी जपलेला हा दिवस कामावर आलेल्या बाबासाहेबांचा आहे, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते.

दुसऱ्याच्या जयंतीत बाबासाहेब

१८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीला बाबासाहेबांना बोलावले होते. जयंतीत कसे बोलावे याचा तो वस्तुपाठ आहे. त्यांनी केवळ स्तुती केली नाही. रानडे मोठे का, मोठा माणूस कशाने ठरतो, हे तपासून पाहिले. समाजसुधारणेशिवाय राजकीय सुधारणा टिकत नाही, हा त्यांचा मुद्दा त्यांनी तिथे मांडला आणि त्या काळातल्या विभूतिपूजेवर सडकून टीका केली. आदर ठेवणे आणि विचार करणे सोडून देणे यातला फरक त्यांनी सांगितला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही त्यांनी तोच इशारा दिला. धर्मातली भक्ती काहीही असो, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. २६ जानेवारी १९५० रोजी राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता उरेल, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल, असे त्यांनी बजावले. नव्या प्रजासत्ताकाचा पहिला दिवस उगवण्याआधीच त्यांनी त्या दिवसाची मर्यादा सांगून ठेवली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ हा त्यांनी निवडलेला शेवटचा मोठा दिवस. नागपुरात अशोक विजयादशमीला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्माची दीक्षा घेतली आणि त्याच वेळी २२ प्रतिज्ञा दिल्या. मला त्यातली मोठी गोष्ट ही वाटते, असे एकेकटे म्हणण्यापेक्षा आम्ही सारे मिळून म्हणतो, की प्रतिज्ञा पाळायला कोणतीही तारीख नेमलेली नाही. खोटे न बोलणे, चोरी न करणे, दारू न पिणे, सर्वांना समान मानणे या रोजच्या गोष्टी आहेत. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. प्रतिज्ञा आपल्याकडे राहिल्या.

मग एप्रिलचे काय?

आमचे मत असे आहे. एप्रिल हवाच. तो सोडून द्या म्हणणाऱ्यांनी आधी उरलेल्या अकरा महिन्यांत आपला इतिहास कुठे शिकवला जातो, ते दाखवावे. पण हार घालून वर्षाची जबाबदारी संपवण्याची सोय म्हणून तो महिना वापरला जात असेल, तर तो समतेच्या आड येतो. मग तो हार कार्यालयातला असो की आपल्या मंडळातला.

वस्तीत काम करताना दिसणारी एक साधी गोष्ट सांगतो. एप्रिलमध्ये सगळे तरुण मंडपात असतात, पण मुलांना गरज लागते ती जून-जुलैमध्ये. प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, वसतिगृहाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म हे सगळे त्याच दोन महिन्यांत येते. एखादा कागद राहिला म्हणून मुलगी वर्षभर घरी बसते. त्या वेळी वर्गणीची वही आणि कार्यकर्ते दोन्ही गायब असतात.

आपल्याकडे ३१ जुलै आहे, नेमका त्याच हंगामात. मंडळांनी १४ एप्रिलला वर्गणीचा एक हिस्सा बाजूला काढावा. जूनपासून प्रत्येक वस्तीत बुद्धविहारात फॉर्म भरून देणारे दोन शिकलेले तरुण संध्याकाळी बसवावेत. लांडोर बंगल्यावर जाताना किती मुलांचे प्रवेश झाले, किती अडले आणि कुठे अडले, याची यादी सोबत न्यावी आणि तिथे वाचून दाखवावी. आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम, कुणाचेही मूल असले तरी त्या टेबलावर त्याला जागा असावी. देवपूरच्या शाळांना आणि इतर समाजांच्या मंडळांनाही आपण बोलवावे.

केळुसकर गुरुजींनी सत्काराच्या दिवशी पुस्तक दिले आणि नंतर शिष्यवृत्तीसाठी धावपळ केली. आपल्या मंडळांना यापेक्षा अवघड काही करायचे नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!