वकिली डगल्यातले बाबासाहेब

निळा कोट, एका हातात संविधान आणि दुसऱ्या हाताचे उंचावलेले बोट. याच बाबासाहेबांना वंदन करीत आम्ही लहानाचे मोठे झालो. पुढे आम्ही स्वतः वकील झालो, तेव्हा मनात प्रश्न आला : काळ्या डगल्यातले बाबासाहेब कुठे आहेत? एका न्यायालयाच्या बाररूममध्ये त्यांची तसबीर लावा, अशी मागणी आम्ही केली होती. भिंतीवर जागा नाही, असे उत्तर मिळाले!

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ साली मुंबईत वकिली करू लागले. अस्पृश्य बॅरिस्टरला कामे कोण देणार? तरीही १९२६ साली 'देशाचे दुश्मन' खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांना निर्दोष सोडवून आणले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याबद्दल सनातन्यांनी दावा लावला, त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. २५ डिसेंबरला त्यांनी मनुस्मृती जाळली. पण पाण्याच्या हक्कासाठी कोर्टाची पायरीही सोडली नाही. दहा वर्षांनी, १९३७ साली, मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांचे ठरविले. रस्त्यावरचा लढा आणि कोर्टातला लढा हे त्यांच्या लेखी एकच होते.

पुतळ्यांचा इतिहास मात्र निराळा आहे. कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांनी ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच, त्यांचा व जोतीरावांचा अर्धपुतळा बसविला. शिल्पकार होते बाळ चव्हाण. १९६७ साली संसदेच्या आवारात बी. व्ही. वाघ यांनी घडविलेला पूर्णाकृती पुतळा उभा राहिला. गावोगावच्या कारागिरांनी तीच मुद्रा उचलली आणि वस्तीवस्तीत संविधानकार उभा केला. वकील तेवढा मागे राहिला.

सर्वोच्च न्यायालयात तो उभा राहिला २६ नोव्हेंबर २०२३ रोजी! शिल्पकार नरेश कुमावत यांनी बाबासाहेबांना डगला आणि बँड घातला. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी अनावरण केले. संविधान स्वीकारल्याला तेव्हा ७४ वर्षे झाली होती. याउलट जयपूरच्या उच्च न्यायालयाच्या आवारात मनूचा पुतळा १९८९ सालीच बसला. तो हटविण्याचा निर्णय त्याच वर्षी न्यायमूर्तींनी घेतला, पण प्रकरण याचिकेत अडकले. ज्याची स्मृती बाबासाहेबांनी जाळली, त्याला न्यायमंदिरात जागा आधी मिळाली!

आमच्या वस्त्यांनी वर्गणी काढून पुतळे उभारले, ते शोभेसाठी नव्हे. पुतळ्याची विटंबना झाली की आमचा माणूस जिवावर उदार होतो, कारण तो पुतळा म्हणजे आमच्या माणूसपणाचा दस्तऐवज आहे. पण १४ एप्रिलला हार घालणाऱ्या आमच्या वकील बांधवांनी स्वतःला एकदा विचारावे : ॲट्रॉसिटीचा फिर्यादी दारात आला, तर आपण त्याचे वकीलपत्र घेतो, की आधी फी विचारतो? डगला पुतळ्यावर चढला. आता तो आपल्या अंगावर शोभला पाहिजे.

जयभीम!