विस्मृत वाणीची पाठराखीण : बंगळूर नागरत्नम्मा

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधील आर्मेनियन स्ट्रीटवरचा गोखले हॉल नामदार गोखल्यांच्या नावामुळे आपणां मराठी मंडळींना आपलासा वाटतो. याच टाउनच्या गल्ल्यांतून एकेकाळी वीणा धनम्माळसारख्या थोर कलावतींची घरे होती. बंगळूर नागरत्नम्मा त्यांच्यापैकीच एक. त्यांच्या चरित्राचा एक धागा तंजावरच्या मराठी दरबाराशी जुळलेला आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

नागरत्नम्मांचा जन्म १८७८ साली म्हैसूरजवळील नंजनगूड येथे झाला. माता पुट्टलक्ष्मी या देवदासी. त्यांनी कन्येला संगीताबरोबरच संस्कृत, कन्नड व तेलुगू यांचे उत्तम शिक्षण मिळवून दिले. ऐन बालवयात मातृछत्र हरपले. तरीही जिद्दीने पुढे जाऊन नागरत्नम्मांनी मद्रासमध्ये गायिका म्हणून मोठा लौकिक मिळविला.

तंजावरच्या प्रतापसिंह महाराजांच्या (१७३९–१७६३) दरबारी मुद्दुपळणी नावाची विदुषी गणिका होती. तिने ‘राधिका सांत्वनमु’ हे ५८४ पद्यांचे तेलुगू काव्य रचले. १८८७ साली ते छापले गेले, परंतु अनेक पद्ये व प्रस्तावना गाळून! आपले कुळ कवयित्रीने ज्या प्रस्तावनेत अभिमानाने सांगितले होते, नेमकी तीच नाहीशी झाली. नागरत्नम्मांनी मूळ पोथी मिळविली, पाठ ताडून पाहिले आणि १९१० साली वाविळ्ळा प्रकाशनातर्फे संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला.

विधवाविवाहाचे पुरस्कर्ते व थोर पंडित वीरेशलिंगम् पंतुलु यांनी पूर्वीच या कवयित्रीची निर्भर्त्सना केली होती. नागरत्नम्मांनी आपल्या प्रस्तावनेत त्यांना निर्भयपणे उत्तर दिले. पुरुष कवींचा शृंगार विद्वानांना चालतो, मग लज्जेचे बंधन एकट्या स्त्रीलाच का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. वादसभेत ज्यांना कोणी आसन दिले नसते, त्या स्त्रीने केलेला हा खरा शास्त्रार्थच होय. १९११ साली सरकारने अश्लीलतेच्या आरोपाखाली प्रती जप्त केल्या. पुढे टंगुटूरी प्रकाशम् मुख्यमंत्री असताना ती बंदी उठली व १९५२ साली नवी आवृत्ती निघाली.

तिरुवैयारु येथील त्यागराजस्वामींच्या उपेक्षित समाधीवर नागरत्नम्मांनी स्वतःच्या मिळकतीतून मंदिर उभारले. तेथील उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. तेव्हा १९२७ मध्ये त्यांनी स्त्रियांचा स्वतंत्र उत्सव सुरू केला. अखेर १९४०च्या सुमारास सर्व पक्ष एकत्र आले. १९ मे १९५२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यागराजांच्या सन्निधच त्यांचे स्मारक आहे.

स्वदेशापासून दूर राहून आपण आपली भाषा जपतो. मराठी राजाच्या आश्रयाने उमललेली एक वाणी कन्नड मुलखातल्या एका स्त्रीने तेलुगूतून जपली, आणि तीही तमिळ नगरीत! तिच्या या ऋणाचे स्मरण आपल्या सुवर्णमहोत्सवात होणे उचितच आहे.