विश्लेषण : विश्रांतीचा नियम होता, तरी खाशाबा जाधव थकल्या अंगाने मॅटवर का उतरले?

भोसरी, चऱ्होली, चाकण भागातल्या गावजत्रांत मातीवरच्या कुस्त्या रंगतात. तिथे निकाल सोपा असतो. पाठ मातीला लागली की कुस्ती चितपट, वाद संपला. मॅटवरच्या कुस्तीत मात्र चितपट झाली नाही, तर निकाल पंचांच्या हाती जातो. स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधव यांना हा फरक चांगलाच सोसावा लागला.

मातीतून मॅटवर कसे आले?

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावात झाला. वडील दादासाहेब पैलवान होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकताना खाशाबांची कुस्ती बहरली. 1948च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवखे असूनही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

1952च्या निवडीवेळी काय झालं?

निवड स्पर्धेत पंचांनी आपल्याला एक गुण कमी दिला, असा खाशाबांचा आक्षेप होता. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली. पुढचा प्रश्न पैशांचा होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले.

हेलसिंकीत नेमकं काय घडलं?

57 किलो वजनी गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. समोर आता दोन तगडे प्रतिस्पर्धी होते, जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव. नियमानुसार दोन कुस्त्यांमध्ये किमान 30 मिनिटांची विश्रांती हवी होती. पण एक दमछाक करणारी कुस्ती संपताच खाशाबांना दुसरीसाठी बोलावण्यात आलं. त्यांची बाजू मांडायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे नव्हता. खाशाबा दोन्ही कुस्त्या हरले. इशींना सुवर्ण, मामेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळालं. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

फुटबॉलमध्ये काय होतं?

फुटबॉलमधल्या ॲडव्हांटेज नियमाशी तुलना केली की मुद्दा स्पष्ट होतो. फाऊल झाला, पण चेंडू अन्याय झालेल्या संघाकडेच असून गोलची संधी असेल, तर रेफरी दोन्ही हात पुढे करून खेळ सुरू ठेवतो. काही सेकंदांत फायदा झाला नाही, तर तो मूळ फाऊल देऊ शकतो. म्हणजे खेळाडूने दाद मागण्याआधीच त्याच्या हिताचा विचार रेफरीने करायचा असतो. हेलसिंकीत खाशाबांचा हक्क कागदावर होता, तो मागणारं मात्र कोणी नव्हतं.

आज काय बदललं?

आता आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षक मल्लाच्या कोपऱ्यात बसतो. गुण चुकीचा वाटला तर तो मॅटवर मऊ ठोकळा टाकून व्हिडिओ तपासणी मागतो. दावा फसला तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, त्यामुळे प्रशिक्षकाला नियम तोंडपाठ लागतात.

पुढे खाशाबांचं काय झालं?

कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. 1955मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला 44 वर्षं लागली. 1996मध्ये टेनिसपटू लिअँडर पेसने ते जिंकलं.

मॅटवर सराव करणाऱ्या इथल्या मुलांनी डावांबरोबर नियमांचं पुस्तकही पाठ करावं, ते यासाठीच.