व्ही. शांताराम

शांताराम राजाराम वणकुद्रे ऊर्फ व्ही. शांताराम (१८ नोव्हेंबर, १९०१, कोल्हापूर – ३० ऑक्टोबर, १९९०, मुंबई) हे मराठी व हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक, निर्माते आणि अभिनेते होते. गुन्हेगारी, वेश्याव्यवसाय, विषम विवाह यांसारखे विषय त्यांनी मुख्य प्रवाहातील चित्रपटांत आणले. १९८५ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराचे ते मानकरी होते.

कारकीर्द

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम यांनी पडेल ती कामे करीत चित्रपटनिर्मितीचे शिक्षण घेतले. सावकारी पाश (१९२५) या मूकपटात त्यांनी तरुण शेतकऱ्याची भूमिका केली. १९२९ साली विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. येथे शांताराम यांनी अमृतमंथन (१९३४), कुंकू (१९३७), माणूस (१९३९) आणि शेजारी (१९४१) हे चित्रपट दिग्दर्शित केले. माणूसमध्ये पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांची कथा आहे. तिचा शेवट खून व तुरुंगवास यांत होतो. तरीही मैनेविषयी प्रेक्षकाची सहानुभूती ढळत नाही.

भागीदारांशी झालेल्या मतभेदांनंतर शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि १९४२ साली त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर ही संस्था उभारली. डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६), अमर भूपाळी (१९५१), झनक झनक पायल बाजे (१९५५) आणि पिंजरा (१९७२) हे राजकमलचे उल्लेखनीय चित्रपट होत.

दो आँखें बारह हाथ

१९५७ सालच्या या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकर यांची होती. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्थापन झालेल्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगाचा प्रयोग तिच्या मुळाशी होता. सहा खुनी कैद्यांना बेड्यांविना शेतीवर नेणाऱ्या जेलरची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली. कैदी पिकवलेली भाजी रास्त भावात विकू लागताच बाजारातील व्यापारी गुंडांकरवी त्यांच्यावर हल्ला करतो. ज्यांना समाजाने गुन्हेगार ठरवले ते सुधारू पाहतात आणि प्रतिष्ठित मनुष्य हिंसेचा आश्रय घेतो, हा विरोध चित्रपटाचा गाभा आहे. चित्रीकरणात बैलाशी झुंजताना शांताराम यांच्या डोळ्यांना गंभीर दुखापत झाली; मात्र उपचारांनंतर त्यांची दृष्टी वाचली.

पुरस्कार

दो आँखें बारह हाथ या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. १९५८ साली बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यास परीक्षक मंडळाचे विशेष रौप्य अस्वल पारितोषिक आणि त्यानंतर अमेरिकेत गोल्डन ग्लोबचा सॅम्युएल गोल्डविन पुरस्कार लाभला. झनक झनक पायल बाजेसाठी शांताराम यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९९२ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

वारसा

पुण्यातील प्रभातच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ज्या चित्रीकरणगृहांत शांताराम घडले, तेथेच पुढे चित्रपटकर्मींच्या अनेक पिढ्या शिकल्या. महाराष्ट्र शासन चित्रपटक्षेत्रातील प्रदीर्घ कामगिरीसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.